फळ्यांवरच्या खुणा

अरिशातच्या नखांतला काळा रंग नवरा गेल्यापासून कधी निघाला नाही. कार्थेजच्या गोदीत तो फळ्यांवर खुणा करायचा. तो गेला आणि कुंचला तिच्या हाती आला. कुठली फळी जहाजाच्या सांगाड्यातल्या कुठल्या फासळीला बसायची हे खुणेवरून कळे, म्हणून तर जहाज इतक्या झटपट उभं राही. जोडून झालं की शत्रूला जोडणी कळू नये म्हणून खुणा खरवडून टाकायच्या, मग डांबर. तेही काम तिचंच.

गेल्या साली एक जहाज सिसिलीच्या किनाऱ्यावर रुतलं नि रोमनांच्या हाती लागलं. ज्यांना साधी होडी धड वल्हवता येत नव्हती, त्यांनी वर्षभरात तश्शी शंभर जहाजं पाण्यात उतरवली. तेव्हापासून गोदीत कुणाचा कुणावर भरवसा उरला नाही. पहारेकरी जेवणाची गाठोडीसुद्धा सोडून बघत.

अरिशातचा संशय एकावरच होता. गेरसाकोन सुतार, सिसिलीहून आलेला. सारखा 'मावशी, मावशी' करायचा, आणि इतकं गोड कुणी उगाच बोलत नाही, असं तिचं मत. दुपारी सगळे खारे मासे नि जवाची लापशी घेऊन सावलीला बसले, की हा नव्या जहाजाच्या तळाशी गुडूप.

"जेवत नाहीस का रे?" तिने एकदा हटकलं.

"तुमच्या हातचं असतं तर जेवलो असतो, मावशी."

"माझ्या हातचं खाऊन नवरा गेला माझा."

तो हसला, पण हातातलं खापर त्याने झटकन कमरेला खोचलं. खापरावर काळा रंग होता. तिच्याच कुंचल्याचा.

तिचा एकुलता एक मुलगा आरमारात वल्ह्यावर होता. त्या रात्री तिला झोप आली नाही. सकाळी तिने देवळात तानित आईपुढे, कार्थेजच्या देवीपुढे, धूप जाळला आणि मुकादम मुत्तुनला गाठलं.

"तो माझ्या खुणा खापरावर उतरवून घेतोय."

"नक्की? हेराला खांबावर चढवतात, मावशी. मागून चुकलं म्हणून उतरवत नाहीत."

"या डोळ्यांनी बघितलंय."

दुपारी मुत्तुन दोन पहारेकरी नि दिवा घेऊन तळात उतरला. मागून ती. गेरसाकोन पालथा पडून खापराने फळी खरवडत होता.

"पुरावा पुसतोस होय?" मुत्तुनने त्याची मान धरली. पहारेकऱ्यांनी दंड पकडले. गेरसाकोनने अरिशातकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

तिने दिवा हिसकावून फासळ्यांमागे नेला. नाक टेकेपर्यंत काही दिसलं नाही. मग दिसलं: तिच्या खुणा, ओळीने. काही अर्ध्या खरवडलेल्या, काही अख्ख्या. परवाच तिने सगळ्या काढल्या होत्या. काढल्या होत्या म्हणे!

"अरे, मग बोल की!" ती गेरसाकोनला म्हणाली.

"बोललो तर तुमचं काम जाईल, मावशी."

"सोड त्याला, मुत्तुन. या खुणा राहिल्यात त्या माझ्याकडून. अंधारात दिसत नाही मला. दोन वर्षं झाली."

मुत्तुनचा हात सैल पडला, पण तो जागचा हलला नाही. "दोन वर्षं," तो हळूच म्हणाला. "म्हणजे ते रुतलेलं जहाज..."

नाही म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? तानित आईला कळलं असतं.

"तेही माझ्याच हातचं," अरिशात म्हणाली.

पहारेकऱ्यांनी गेरसाकोनचे दंड सोडले आणि ते तिच्याकडे वळले.