सुनेची गिटार आणि माझी तिसरी स्टेज

सून गिटार वाजवते त्याचं मला काही वाटत नाही, असं मी भजनातल्या बायकांना सांगते. खोटं सांगते. लई जळते मी.

ती हदगावची. लातूरला सासरी आली ती गिटार घेऊनच. बोटात स्टीलची नळी घालून तारांवरून घसरवते, की तारा माणसासारख्या कण्हतात. अमेरिकेतल्या कापूस वेचणाऱ्यांची ही जुनी रीत, म्हणाली. "आमच्याकडं बी कापूसच की, आत्याबाई!" बरं, त्या रीतीत वाजवते काय, तर पूर्वी टीव्हीला जोडायचे त्या गेममधलं टिंगटिंग. ते सुरू झालं की माझा चाळिशी ओलांडलेला मुलगा डोळे मिटून बसतो. मी पेटीवर भजन धरलं की त्याला नेमके फोन येतात. नातसुद्धा दुपारी माझ्या मांडीवरून उठून तिच्या गिटारीपाशी जाऊन झोपते.

आणि ही चाल तर माझ्या घरातली! मुलगा दहावीला गेला तेव्हा तो गेम मीच काढून घेतला होता. लातूरची आई; गल्लीत सगळ्यांच्या तोंडी क्लास आणि टक्के. "बोर्डात ये, मग बघू," मी म्हणाले आणि गेमचा डबा कपाटात कुलूपबंद केला. मग दुपारी तो क्लासला गेला, की दाराला कडी लावून, पदर खोचून मीच खेळायला बसायचे. काय ती बाई, म्हणजे मीच! संध्याकाळी कपाळाला विभूती लावून पोराला वेळेची किंमत सांगायची. अंगठ्याला घट्टा पडला तर शेजारणीला म्हणाली, तुरीच्या शेंगा सोलून पडला.

परवाच्या रविवारी चहा पिताना सुनेनं ती चाल दोनदा वाजवली आणि थांबली.

"पुढचं येतच न्हाई मला. आमच्या घरी दुसऱ्या स्टेजलाच मरायचे सगळे."

"मी बी तिथवरच," मुलगा म्हणाला. "पुढं आईनं जाऊच दिलं न्हाई."

दोघं एकमेकांकडं बघून असं हसले, की माझा चहा कडू झाला. तिसऱ्या स्टेजची चाल त्या घरात एकट्या मला येत होती. गप्प बसले तर आब राहणार होता. वाजवली तर मुलगा माझ्याकडं बघणार होता. मी पेटी ओढली आणि वाजवली. मधल्या बोगद्यात सूर खाली घसरतात, त्या उतारासकट.

"आई, तुला हे कसं..." त्याच्या डोक्यात हळूहळू उजाडलं. "मला क्लासला धाडून?"

"हाव."

"कितव्या स्टेजपर्यंत गेलीस?"

"सातव्या."

हसेल असं वाटलं होतं. तो खरोखर रुसला, एवढा बाप्या! हसली ती सून, पोट धरून. "आत्याबाई, तुमी तर लई बदमाश निघालात! परत वाजवा की."

चढले मी हरभऱ्याच्या झाडावर. परत वाजवली. तिनं नळी सरकवत सुरावर सूर शोधला, आणि तिसऱ्या खेपेला चाल तिची झाली. माझ्या पेटीत नसलेलं रडू तिनं त्या उतारात कुठून आणलं कोण जाणे. मुलाचा रुसवा विरघळला. डोळे मिटले. तिच्याकडं तोंड करून.

"पुढच्या चार स्टेजा कशा हायेत हो?" सुनेनं विचारलं.

"आठवत न्हाईत बाई," मी म्हणाले.

सगळ्या आठवतात.