कुत्र्याचा पट्टा

ही गोष्ट मी एकदा इंग्रजीत सांगितली आहे, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात, सहा-सात जणांसमोर. सगळे हसले. मी ती सोयीची करून सांगितली होती, म्हणून हसले. मराठीत लिहिताना तशी करणार नाही.

मी जर्मनीत शिकते. नाताळच्या सुट्टीत घरी जाणार म्हटल्यावर वर्गातल्या दोघी माझ्याबरोबर निघाल्या. एक पोलंडची, एक व्हिएतनामची. आठवडाभर दक्षिणेत फिरायचं आणि शेवटचे चार दिवस माझ्या घरी राहायचं, असं त्यांनी ठरवलं. ठरवत होत्या तेव्हा मी समोरच बसले होते. ‘चालेल’ म्हणाले. मी सगळीकडे एवढंच म्हणते.

‘तुझं गाव कसंय?’ पोलंडच्या मैत्रिणीने विचारलं.

‘शांत आहे. ऊस, कांदे, गाई.’

बिबट्याचं सांगितलं नाही. आमची वस्ती शिरूर तालुक्यात, न्हावरे गावाच्या बाहेर, तिन्ही बाजूंनी उसात. बिबटे त्या उसातच जन्मतात आणि तिथेच मोठे होतात. आमच्याकडे त्यांना सरळ वाघ म्हणतात. उसाची तोड सुरू झाली, की रान उघडं पडतं आणि ते या फडातून त्या फडात, वस्त्यांच्या कडेकडेने सरकत राहतात. म्हणजे नेमके नाताळचे दिवस.

न सांगण्याचं कारण फार मोठं नव्हतं. पहिल्या सत्रात एकाने मला विचारलं होतं, तुमच्याकडे रस्त्यावर हत्ती असतात का. तेव्हापासून मी पुण्याजवळची होते; कारखाने, मोठा हायवे, सगळं तुमच्यासारखंच. त्याच्याही आधी, शिरूरच्या इंग्रजी शाळेत, मी शिरूरमध्येच राहते असं वर्गात सांगत असे. स्कूलबस मला वस्तीवर सोडायची, हे फक्त बसमधल्यांना माहीत होतं. लपवायची सवय जुनीच. आणि आता तर त्यांची तिकिटं काढून झाली होती.

दौंडला गाडी सकाळी पोचली. आप्पा, म्हणजे माझे थोरले चुलते, पिकअप घेऊन आले होते. पप्पांची रांजणगावच्या कंपनीत पहिली पाळी होती. आप्पांनी दोघींना हात जोडले, बॅगा कांद्याच्या रिकाम्या गोण्यांवर नीट लावल्या, आणि आम्ही निघालो. चौफुल्यावरून वळलो, भीमेचा पूल ओलांडला. पुढे एका ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉलीत लोखंडी पिंजरा चालला होता, माणूस उभा राहील एवढा. आत कोपऱ्यात एक शेळी.

‘ते काय आहे?’ व्हिएतनामची मैत्रीण काचेला नाक लावून म्हणाली.

मी दुसऱ्या बाजूला बोट दाखवलं. ‘ते बघ, उसाच्या बैलगाड्या!’ दोघींनी माना वळवल्या, फोन काढले. तेवढ्यात आप्पांनी ट्रॉलीला ओव्हरटेक केलं. आरशातून ते माझ्याकडे बघत होते.

‘सांगितलं न्हाईस व्हय पाव्हण्यांना?’

‘सांगते.’

‘कवा?’

‘सांगते ना, आप्पा.’

घरात शिरताना दाराजवळच्या खुंटीला आईचा पट्टा लटकत होता. रेक्झिनचा जाड पट्टा, त्यातून बाहेर आलेले बोटाच्या पेराएवढे टोकदार खिळे, मागे बक्कल. वाघ मानेला धरतो, म्हणून आमच्याकडे बायका गवताला, खुरपायला जाताना तो गळ्यात घालतात. पोलंडच्या मैत्रिणीने एका खिळ्याला बोट लावून बघितलं.

‘कुत्र्याचा आहे?’

‘हो.’

‘तुमच्याकडे कुत्रा आहे! सांगितलं नाहीस!’ तिचा चेहरा एकदम उजळला. तिच्या घरी तीन कुत्रे आहेत. त्यांचे फोटो मी कितीदा तरी पाहिलेत. ‘कुठे आहे?’

‘शेतावर असतो.’

कुत्रा होता. दिवाळीच्या आधी ओसरीवरून वाघाने नेला. सकाळी साखळी तेवढी होती. हे मला आईने फोनवर सांगितलं होतं आणि मी वसतिगृहाच्या जिन्यात बसून रडले होते. कोणी विचारलं तर सर्दी झाली म्हणून सांगितलं होतं.

आई मागे उभी होती. तिला इंग्रजी समजत नाही, पण तिने पट्ट्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. रात्रीच्या भाजीसाठी गवारीचे शेंडे खुडता खुडता ती मला म्हणाली, ‘हे बघ, पाचच्या पुढं गोठ्याच्या पल्याड एकीनंबी पाय टाकायचा न्हाई. आन् दिवसा जायचं आसंल तर मोबाईलवर गाणं लाव. मोठ्यानं.’

आमच्याकडे बांधावरून मुकाट्याने कोणी चालत नाही. गाणं लावतात, नाहीतर उगाच हाका मारत जातात. आवाज असला की वाघ स्वतःहून बाजूला होतो. दुपारी त्या दोघींना विहिरीकडे नेलं तेव्हा मीही फोन पूर्ण आवाजावर लावला होता. दहा-पंधरा पावलं गेल्यावर पोलंडची मैत्रीण हळूच म्हणाली, ‘बंद करूया का? इथे किती छान शांत आहे.’

मी बंद केलं.

मग मीच बोलत सुटले. ऊस कसा लावतात, कांद्याचं रोप कसं असतं, शाळेतल्या बाई, आजीचं लग्न, जे सुचेल ते, मोठ्या आवाजात. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस, मध्ये जेमतेम एकाला जाता येईल एवढा बांध. पाचट वाजलं की माझ्या मानेवर काटा येत होता. मी मागे वळून त्यांच्याकडे बघत उलटी चालत होते, म्हणजे त्यांच्या पाठीमागचं दिसेल.

‘घरी आल्यावर किती बोलतेस तू!’ व्हिएतनामची मैत्रीण म्हणाली. ‘तिकडे दोन वाक्यं बोलत नाहीस.’ दोघी खूश होत्या. त्यांना वाटलं मी खुललेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी वढूला समाधीचं दर्शन घेऊन आलो. दुपारी जेवून झोपलो. साडेपाच वाजले असतील; पप्पा अजून ओव्हरटाइमवर होते. मी आणि व्हिएतनामची मैत्रीण चुलीपुढे होतो. ती भाकरी थापायला शिकत होती, आणि तिच्या प्रत्येक भाकरीला आई ‘झ्याक’ म्हणत होती. पोलंडची मैत्रीण ओसरीवर वाचत बसलेली होती. मी पाणी न्यायला बाहेर आले तर पुस्तक पालथं ठेवलेलं, बूट नाहीत. फोन चार्जिंगला.

‘कुठे गेली?’

‘तुमच्या कुत्र्याला बिस्किटं द्यायला,’ आतून उत्तर आलं. ‘कालपासून एकदाही आला नाही म्हणून. शेतावर असतो म्हणालीस ना?’

हातातला भरलेला तांब्या मी खाली ठेवला. तो नीट ठेवला, सांडू न देता, हे मला स्पष्ट आठवतं. सूर्य उसाच्या तुऱ्यांपर्यंत उतरला होता. अजून उजेड होता, पण बांधावर नसणार. तिथे तो आधी संपतो.

‘आई, ती रानात गेली.’

‘कोन?’

‘पोलंडची. एकटीच. कुत्रा शोधायला.’

आईने तवा खाली घेतला नाही की पुढे काही विचारलं नाही. खुंटीवरचा पट्टा काढून माझ्या गळ्यात घातला आणि मागे बक्कल लावलं. तिची बोटं पिठाची होती. ‘मान खाली घालायची न्हाई. वाकायचं न्हाई. वरडत जा.’ मग ती गोठ्याकडे वळून ओरडली, ‘आप्पाऽ! ट्रॅक्टर काढा!’

ओरडत जा म्हणणं सोपं आहे. मी बांधावर पोचले आणि तोंड उघडलं तर आवाजच येईना. शाळेत कवितापाठात माझा आवाज असाच बसायचा. मी तिचं नाव घेतलं ते मलाच जेमतेम ऐकू आलं. पट्टा गळ्याला काचत होता. माझ्या गळ्यात खिळे होते आणि तिच्या गळ्यात एक पातळ सुती स्कार्फ होता. डोक्यात एवढंच घुमत होतं. तिच्या आईचा विचार आला. तिची आई मी व्हिडिओ कॉलवर पाहिलेली आहे. तिने मला विचारलं होतं, तिकडे सुरक्षित आहे ना, आणि मी हो म्हणाले होते.

मग आवाज फुटला. कसा ते माहीत नाही. मी तिचं नाव ओरडले, पुन्हा ओरडले, मध्येच ‘आईऽ’ म्हणाले, जर्मनमध्ये काहीतरी म्हणाले. मागे ट्रॅक्टर सुरू झाला. आप्पा रेस वाढवून वाढवून आवाज करत पलीकडच्या गाडीवाटेने येत होते. शेजारच्या वस्तीवरचे दोघे पत्र्याचे डबे बडवत निघाले होते. तिचं नाव कोणालाच धड म्हणता येत नव्हतं.

‘मॅडमऽऽ! ओ मॅडम!’ आप्पांचा आवाज. ‘बिस्कुट ठिवा आन् माघारी फिरा!’

‘आरं, त्यान्ला मराठी कळतं व्हय?’ डबा बडवणारा एक म्हणाला.

‘तू इंग्लिशमदी वरड मंग!’

‘कम! मॅडम, कम कम!’

एरवी मी हसले असते.

ती विहिरीच्या अलीकडे सापडली. बांधावर, उसाकडे तोंड करून, उकिडवी बसलेली. वाघाला माणूस बसलेला, वाकलेला दिसला की तो शिकार समजतो, हे आमच्याकडे चालायला शिकलेल्या पोरालाही सांगितलेलं असतं. तिच्यासमोर तीन बिस्किटं ओळीने मांडलेली होती. ती हलक्या आवाजात शीळ घालत होती.

मला बघून तिने ओठांवर बोट ठेवलं. ‘आरडाओरडा का करताय सगळे? घाबरेल तो. आत आहे. मी मघापासून ऐकतेय, तो हलतो, थांबतो, परत हलतो.’

मी तिचा दंड धरला आणि तिला उभं केलं. इतक्या जोरात, की तिच्या दंडावर नंतर वळ दिसले. उसात काहीतरी होतं की नव्हतं, मला सांगता येत नाही. मला फक्त माझा श्वास ऐकू येत होता. आम्ही पाठ न दाखवता मागे मागे सरकलो. ती काहीतरी विचारत होती आणि मी एकच शब्द म्हणत होते, चल, चल, मराठीतच. आप्पांचा ट्रॅक्टर समोरून आला आणि दिव्यांचा झोत बांधावर पडला.

आप्पा खाली उतरले. तिथे दुपारीच पाणी दिलं होतं, सरीच्या तोंडाशी चिखल ओला होता. त्यांनी वाकून बघितलं नाही, उभ्यानेच बघितलं. मग चप्पल त्या चिखलावर ठेवली आणि पाय असा सावकाश फिरवला, जसं कोणी चूळ टाकलेलं पाणी पुसतं. मी बघतेय हे त्यांनी बघितलं.

‘काय न्हाई,’ ते म्हणाले. ‘बसा ट्रॅक्टरवर दोघीबी.’

हे तेच होतं. पाहुण्यांना दिसू नये म्हणून आप्पांनी तेच केलं, जे मी पिकअपमध्ये केलं होतं. माझ्यासाठी केलं. मला ते बघून फडात वाटली त्याहून वेगळी भीती वाटली. उद्या मी पुन्हा गाणं बंद करीन आणि सगळे मला लपवायला मदत करतील, अशी.

ओसरीवर आल्यावर मी पट्टा काढायचा प्रयत्न केला. बक्कल निघेना. पोलंडच्या मैत्रिणीनेच मागे येऊन काढलं आणि हातात धरून उभी राहिली. आता तिला काहीतरी समजत चाललं होतं.

‘हा कुत्र्याचा नाही,’ मी म्हणाले.

मग उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पिंजरा, गाणं, मी उलटी का चालत होते. व्हिएतनामची मैत्रीण पिठाच्या हातांनी दारात येऊन ऐकत होती. मधेच ती खाली बसली. पोलंडची मैत्रीण रागावेल, बॅग भरेल, असं मला वाटत होतं. तिने बराच वेळ पट्टाच उलटसुलट करून बघितला.

‘आणि कुत्रा?’

तेही सांगितलं. दिवाळी, साखळी.

तेव्हा ती रागावली. आवाज न चढवता. ‘अर्धा तास,’ ती म्हणाली. ‘अर्धा तास मी त्याला बोलावत होते. तू मला नसलेल्या कुत्र्याला हाका मारायला लावल्यास.’

 आप्पा हातपाय धुऊन आले होते, खांबाला टेकून उभे होते.

‘काय म्हन्त्यात पाव्हण्या? भ्यायल्यात का?’

‘म्हणतेय, अर्धा तास त्याला हाका मारत होते. कुत्र्याला.’

आप्पा टॉवेलने मान पुसत राहिले. ‘मंग सांग तिला, म्या बी महिनाभर मारल्या. भाकर घिऊन. विहिरीपाशीच.’ मग ते म्हणाले, ‘चिखलात वाघाचं पाऊल हुतं त्येबी सांग. मी पुसलं म्हनावं. लई मोठं न्हवतं, पर हुतं.’

मी ते तसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं, काही न गाळता. मला वेळ लागला. व्हिएतनामच्या मैत्रिणीने तोंडावर हात धरला, गालाला पीठ लागलं.

पोलंडची मैत्रीण आप्पांकडे बघत होती. ‘केवढा होता तो?’ तिने हाताने उंची दाखवत विचारलं, आणि वाघ की कुत्रा हे मी विचारायच्या आत आप्पांनी हात गुडघ्याच्या थोडा वर धरला, तळवा खाली करून, कुत्र्याच्या डोक्यावर ठेवतात तसा.

तिने पट्टा खुंटीला अडकवला. आतून आई ओरडली की भाकरी करपली, कोणीतरी या.