चाँदपाशाच्या मोटरीचा विमा

धाराशिवात चाँदपाशाचा निकाह सकिनाबीशी झाला खरा, पण जीव जडला तो मोटरीवर. निजामी गेली तेव्हा जहागीरदारानं बक्षीस दिलेली ती जुनी मोटर वरातीत नवरदेव मिरवायची. परवा तेरखेड्यात वरातीपुढच्या दारूकामाची ठिणगी उडाली आणि कापडी टपाला भोक पडलं.

"आता तरी विमा उतरवा," सकिनाबीनं हट्ट धरला.

सोलापूरहून विमेवाले साहेब आले. त्यांनी मोटरीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर छत्री ठोकली आणि फॉर्मावर लिहिलं, 'भंगार'.

चाँदपाशाच्या मिशा थरथरल्या. "हिच्यात बसल्याबिगर इथं नवरदेव मांडवात जात न्हाय, अन् तुम्ही भंगार म्हणता?" त्यानं फॉर्म टराटरा फाडला.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. एस.टी. सुटायला आली होती. "पाशाभाई, जरा स्टँडपर्यंत सोडता का?"

"भंगारात कापडं खराब व्हतील, साहेब. चालत जावा!"

विमा राहिला तो राहिलाच. पुढच्या वरातीत मात्र नवरदेवाच्या मांडीवर एक ओलं पोतं होतं. चाँदपाशानं आधीच दम भरला होता, "ठिणगी पडली की विझवायची. जमत नसलं तर आत्ताच खाली उतरा."