खारट हात

विजयमालाच्या हाताला खारट घाम येई. तिने शिवायला घेतलेली सुई दोन दिवसांत तांबूस व्हायची, केसांतल्या पिना गंजायच्या. असला हात असलेल्या बाईने पापड लाटावेत की नाही? पण हिने पोट भरलं ते नेमकं लोखंडाला पॉलिश करून. नारायण पेठेतल्या सर्जेरावांच्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानात ती झाडलोट करायला आली आणि पॉलिश पेपर घेऊन बसली ती वीस वर्षं. मात्र कायम सुती हातमोजे घालून.

रायफलीच्या लोखंडाला निळसर काळा रंग चढवण्याआधी ते हाताने घासून लख्ख करावं लागतं. रंग काही झाकत नाही, उलट बारीकसा ओरखडाही चव्हाट्यावर आणतो. विजयमाला नळी खिडकीशी नेऊन उजेडात फिरवायची आणि नजरेने ओरखडे हुडकायची. नळीचं काम तिचंच. बाकीच्यांनी स्क्रू घासावेत.

मग तनुजा आली. पोरीचा हात ऐन उन्हाळ्यातही कोरडा ठणठणीत. मोजे नकोत, खिडकी नको. गप्पा मारता मारता विजयमालाच्या नळीवरून उघडं बोट फिरवायची आणि म्हणायची, "काकू, इथे अजून खरखर आहे." आणि ती असायचीच! विजयमालाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. इतक्या वर्षांत स्वतः घासलेल्या एकाही नळीला तिने नुसता हात लावून पाहिलं नव्हतं, आणि ही कालची पोर दिवसभर नळ्या कुरवाळत बसते.

भाद्रपदात खडकीच्या एका निवृत्त सुभेदारांची जुनी रायफल आली. सर्जेराव म्हणाले, "नळी या वेळी तनुजाला देऊ. विजयमालाबाई, तुम्ही स्क्रू घ्या. डोळ्यांना जरा विश्रांती."

"डोळे मी घरी जाऊन मिटते," असं म्हणून तिने स्क्रू उचलले.

नळी तयार झाली. दुसऱ्या दिवशी रंग चढायचा होता. संध्याकाळी तनुजा हात धुवायला मागे गेली, तशी विजयमालाने मोजा काढला आणि घामेजला पंजा नळीवर दाबला. काय होणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. व्हावं म्हणूनच तर दाबला. पण हात टेकला आणि ती चपापली. लोखंड इतकं मऊ लागतं? आपल्या नळ्याही अशाच लागत असतील का? हात उचलायला तिला अंमळ उशीरच झाला.

सकाळी नळीवर तांबूस गंजाची पाच बोटं उमटलेली. सर्जेरावांनी चष्मा चढवला. "वा! सही करूनच घरी गेलात वाटतं."

दुकानात असा हात एकच होता. नोकरी गेली, विजयमालाने ओळखलं.

"मीच म्हटलं काकूंना," तनुजा मध्येच बोलली. "हात लावून सांगा, जमलंय का. मोज्यांचं माझ्या लक्षातच आलं नाही."

सर्जेरावांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "मग आता दोघी मिळून निस्तरा," म्हणाले आणि आत गेले.

तनुजाने पॉलिश पेपर फाडून अर्धा तिच्यापुढे धरला. आभार मानायला हवे होते, पण विजयमालाने तो तुकडा नुसता ओढून घेतला. नळी गेली ती गेली, वर मोठेपणाही हिनेच घ्यावा? ती मोजे चढवून खाली मान घालून घासत राहिली. गंज निघाला. खिडकीशी नेऊन पाहिलं तर आभाळ भरलेलं, काहीच नीट दिसेना.

"गेला का गं सगळा?" शेवटी तिने विचारलं.

तनुजाने उघडं बोट नळीवरून सावकाश फिरवलं. "गेला काकू."

ते खरं मानण्यावाचून तिला इलाज नव्हता.