मोरपंखी शाईचे रविवार

शाईच्या बाटल्यांचं एक बरं असतं, संपल्या की टाकून देता येतात. किश्श्यांचं तसं नाही. ते साचत जातात, आणि एक सांगायला घेतला की मागचे चार आपसूक बाहेर येतात. शेवटी आमचे डॉक्टर वैतागून म्हणाले, "पानसे, एकदाचे लिहून काढा, म्हणजे दर रविवारी ऐकावे लागणार नाहीत!" म्हणून लिहितोय. हसू येईलच याची हमी नाही.

आमचा कंपू चौघांचा. डॉक्टर साठे, ज्यांच्या सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात आम्ही रविवारी सकाळी जमतो, कारण त्या दिवशी पेशंट नसतात. सानिका, आयटीवाली, आमच्यात सगळ्यात लहान. गजभिये साहेब, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातल्या क्वालिटी कंट्रोलमधून रिटायर झालेले. आणि मी, कॉलेजच्या ऑफिसात पस्तीस वर्षं फायली हाकलेला. चौघांनाही शाईच्या पेनांचं वेड. कुणीतरी नवी शाई आणायची, सगळ्यांनी भरून पाहायची, एकाच कागदावर लिहायचं, वाळायला किती वेळ लागतो ते रजिस्टरात मांडायचं. घरच्यांच्या मते हा निव्वळ रिकामटेकडेपणा आहे, आणि घरच्यांचं बरोबर आहे.

नियम एकच. नवी शाई भरण्याआधी पेन स्वच्छ धुतलेलं हवं. ते काम माझ्याकडे, कारण बाकीच्यांचं धुणं मला पटत नाही. टेबलावर इंजेक्शनचा जुना स्टीलचा ट्रे असतो. ट्रेमध्ये पेन ठेवलं, याचा अर्थ पानशांनी ते धुवायचं. कुणी बोलायचं नाही, कुणी विचारायचं नाही.

*

पहिली मोरपंखी शाई डॉक्टरांनी आणली. धड निळी नाही, धड हिरवी नाही. रंग असा देखणा की डॉक्टर आठवडाभर तिनेच प्रिस्क्रिप्शन लिहीत होते.

त्याच आठवड्यात समोरच्या गल्लीतले एक आजोबा गेले. डॉक्टरांनी मृत्यूचा दाखला लिहून दिला, त्याच शाईने. दोन तासांनी आजोबांचा मुलगा धापा टाकत दवाखान्यात परत!

"डॉक्टर, पालिकेच्या खिडकीवर घेत नाहीत. म्हणतात, निळी किंवा काळीच शाई चालेल."

"ही निळीच आहे!"

"मी तेच म्हणालो. ते म्हणाले, उजेडात धरा."

तिकडे आजोबांना न्यायची सगळी तयारी झालेली, माणसं ताटकळलेली, आणि इकडे डॉक्टर कंपाउंडरचं बॉलपेन घेऊन नवा दाखला लिहितायत. डॉक्टरांना फार अपराधी वाटलं. त्यांनी मुलाची माफी मागितली.

मुलगा म्हणाला, "असू द्या. बाबा स्वतः तीस वर्षं खिडकीवरच होते. त्यांनीही परत पाठवलं असतं."

*

सानिकाचं त्याहून वाईट. दुसऱ्या एका मोरपंखी शाईची ट्रायल ती घरून करत होती. सोमवारी सकाळी ऑफिसचा व्हिडिओ कॉल आला. कॉल चालू असताना हिचा हात पॅडवर चालूच. समोरच्या बाई अतिशय गोड आवाजात म्हणाल्या की कंपनीला काही कठीण निर्णय घ्यावे लागतायत.

"सानिका, काही विचारायचंय का?"

सानिकाने बोट कागदावरून फिरवलं आणि नकळत म्हणाली, "अजून ओली आहे."

रविवारी तिने रजिस्टर पुढे ओढलं आणि स्वतःच्या हाताने नोंद केली, 'वाळायला पंचेचाळीस सेकंद. नोकरी जायला त्याहून कमी.' मग टिश्यू मागितला. मी निब पुसायला म्हणून दिला. निब पुसलं नाही तिने. आम्ही तिघं म्हातारे खिडकीबाहेर बघत बसलो. असल्या वेळी काय बोलायचं हे आमच्या पिढीला कुणी शिकवलेलंच नाही.

*

गजभिये साहेब आमच्यात आले ते दोन वर्षांपूर्वी. आले तेच हातात एक वही घेऊन.

त्यांच्या मिसेस शाळेत शिक्षिका होत्या. त्यांना सगळे बाईच म्हणत, साहेबसुद्धा. लाल शाईने मुलं घाबरतात म्हणून बाई वह्या मोरपंखी शाईने तपासायच्या. बाईंना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. साहेबांना ती शाई हवी होती, नेमकी तीच. बाईंच्या हातची बाकीची वह्यापुस्तकं शाळेत गेलेली, घरी उरली ती ही एकच वही.

ते वहीचं शेवटचं पान उघडायचे, तळव्याने खालचा भाग झाकायचे आणि फक्त वरची ओळ दाखवायचे. ओळ होती, 'गॅसचा कॉक बंद.'

"खाली काय आहे?" डॉक्टरांनी एकदा विचारलं.

"ते घरचं आहे," साहेब म्हणाले. विषय संपला.

मग दर रविवारी आम्ही एकेक मोरपंखी शाई त्या ओळीशेजारी धरायचो. साहेब कागद खिडकीशी न्यायचे, मान तिरकी करून बघायचे. आयुष्यभर माल तपासलेला माणूस! निकाल ठरलेला.

"जवळ आहे. पण ही नव्हे."

अकरा बाटल्या झाल्या. अकरा वेळा तेच वाक्य. बाराव्या बाटलीला मीच चिडलो. "अहो साहेब, उन्नीस-बीसचा फरक आहे, चालवून घ्या की!"

ते माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे उन्नीस-बीस चालवलं असतं, तर माल हातात फुटला असता."

*

शेवटी मी त्यांना शनिवार पेठेतल्या एका जुन्या पेनांच्या दुकानात घेऊन गेलो. दुकानदार गिऱ्हाइकाकडे न बघता बोलणारा.

"मोरपंखी शाई आहे का?"

"निळी आहे, हिरवी आहे. मोरपंखी म्हणजे काय ते आधी ठरवून या."

साहेबांनी वही पुढे केली. दुकानदाराने चष्मा वर केला, ओळ पाहिली आणि पहिल्यांदाच मान वर करून आमच्याकडे नीट बघितलं.

"ही विकत मिळत नाही. एक शिक्षिका यायच्या इथे, त्या करायच्या. निळी न्यायच्या, हिरवी न्यायच्या आणि घरी मिसळायच्या. शंभरदा सांगितलं, बाई, मिसळू नका, गाळ धरतो. ऐकतील तर शपथ!"

साहेबांचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. काउंटरवर वाकून त्यांनी विचारलं, "किती निळी? किती हिरवी?"

"ते मला काय ठाऊक? त्यांनाच विचारा की!"

साहेबांनी वही मिटली. दोन बाटल्या घेतल्या, एक निळी, एक हिरवी. पायऱ्या उतरताना ते मला म्हणाले, "एका घरात राहत होतो, पानसे. कधी विचारलंच नाही."

*

मग आम्ही मिसळत सुटलो. दवाखान्यात सिरिंजना तोटा नव्हता. दोन भाग निळी, एक हिरवी. तीनास एक. पाचास दोन. साहेबांचं आपलं तेच, जवळ आहे, पण ही नव्हे. दुकानदार मात्र खरा निघाला. एका मिश्रणाने गाळ धरला आणि डॉक्टरांचं सगळ्यात लाडकं पेन ठार तुंबलं. मी तासभर खटपट करून ते मोकळं केलं.

डॉक्टर खुशीत ओरडले, "वा पानसे! अँजिओप्लास्टी केलीत की हो पेनाची!"

बोलून गेले आणि त्यांचं त्यांनाच कळलं. बाई हार्टच्या ऑपरेशनलाच गेल्या होत्या आणि परत आल्या नव्हत्या.

साहेबांनी सिरिंज खाली ठेवली. "तुमचं पेन वाचलं ना, डॉक्टर? मग ठीक."

*

तोडगा काढला तो सानिकाने. "काका, बाईंचं पेन आहे ना तुमच्याकडे? त्यात सुकलेली शाई असेल. दोन थेंब पाणी घालून तीच जिवंत करू. मग रंग समोर ठेवून मिसळता येईल. पण पेन धुवायचं नाही हां कुणी! ती एवढीच शाई उरलीय."

साहेबांनी ते पेन चार वर्षांत उघडलं नव्हतं. "बघतो," एवढंच म्हणाले. पुढे तीन रविवार त्यांनी ते आणलं नाही. चौथ्या रविवारी मीच भुणभुण लावली. "साहेब, बंद पेन मरतं. आणा एकदाचं."

पाचव्या रविवारी मला पोचायला उशीर झाला. आलो, तर ट्रेमध्ये तीन पेनं. दोन ओळखीची, तिसरं काळं, साधंसं. मला वाटलं, डॉक्टरांनी नवीन घेतलं. विचारायचं नाही हा नियम. बेसिनवर गेलो, नळ सोडला. पहिल्या दोन पेनांनंतर तिसरं उघडलं. चांगलंच सुकलं होतं. कोमट पाणी केलं, चार वेळा आत ओढलं, चार वेळा सोडलं. बेसिन मोरपंखी झालं, मग फिकट, मग पांढरं. निब टिश्यूने पुसलं आणि लखलखीत पेन घेऊन बाहेर आलो.

"घ्या! नव्यासारखं झालं!"

सानिका चहाचा कप ठेवून उठली. "काका, हे बाईंचं होतं."

मला त्या क्षणी जमीन दुभंगावी असं वाटलं. डॉक्टर माझ्यावर ओरडले, "अहो, अक्कल गहाण टाकलीत का!" मी ओरडलो, "ट्रेमध्ये होतं! ट्रेमध्ये कुणी ठेवलं?"

साहेबांनी माझ्या हातून पेन घेतलं. टोपण काढून निब पाहिलं. "स्वच्छ झालं," म्हणाले. खिशाला लावलं आणि चहा न घेता निघून गेले.

त्यानंतर चार रविवार ते आले नाहीत. फोन उचलत नव्हते.

*

पेन धुतलं त्या दिवशी मी एक केलं होतं. दवाखान्याच्या कचऱ्याच्या डब्यात हात घालून तो टिश्यू शोधून काढला होता. त्यावर रुपयाएवढा मोरपंखी डाग होता. पाचव्या रविवारी तो पाकिटात घालून मी खडकीला गेलो.

स्टेशनजवळ दुसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. साहेबांनी दार उघडलं, "या" म्हणाले. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाईंचा फोटो. खिडकीत कुंड्या, सगळ्या टवटवीत. मी टिश्यू पुढे केला. रडू आलं, आणि त्याची लाजही वाटली नाही.

त्यांनी टिश्यू उलटसुलट करून पाहिला आणि टेबलावर ठेवला. "हे कशाला उकरत बसलात, पानसे?"

"साहेब, एकच सांगा. पेन ट्रेमध्ये कुणी ठेवलं?"

"मी."

ते उठले, आतून वही घेऊन आले. शेवटचं पान उघडलं. या वेळी त्यांनी तळवा ठेवला नाही.

"ऑपरेशनला निघताना माझ्यासाठी लिहीत होती," ते म्हणाले. "खाली रिक्षा आलेली. मीच ओरडलो, उशीर होतोय, उठा आता."

पानावर बाईंच्या नेटक्या अक्षरात यादी होती.

'गॅसचा कॉक बंद.
कुंड्यांना पाणी, रोज.
तपासलेल्या वह्या शाळेत पोचवणे.
दूध अर्धाच लिटर सांगणे.
पेन धुऊन ठे'

वरच्या चारही ओळींपुढे पेन्सिलीने बरोबरच्या खुणा केलेल्या होत्या. पाचवीपुढे काही नव्हतं.

"तुमचं पेन द्या जरा," साहेब म्हणाले.

माझ्या खिशातल्या पेनात त्याच सकाळी भरलेली नवी शाई होती. साहेबांनी पाचव्या ओळीपुढे बरोबरची खूण केली. ती वाळेपर्यंत थांबले. मग वही घेऊन खिडकीशी गेले, मान तिरकी केली आणि बराच वेळ बघत राहिले.

"जवळ आहे," ते म्हणाले. "पण ही नव्हे."