तिसरं पातं

संप खाजगीकरणाविरुद्ध होता. सरकारी वायरमन म्हणून माझी हयात डहाणू-तलासरीच्या खांबांवर गेली, त्यामुळे घोषणा देताना माझाच आवाज सगळ्यांत मोठा. खाजगी कंपनी आली की फायद्याच्या लाइनी उचलेल, आमच्या पाड्यांकडे कुत्रंसुद्धा फिरकणार नाही, असं मी तावातावाने सांगायचो. खोटं नव्हतं ते. पण कैनाडकडच्या पाड्यांना मी एकटाच, आणि मीसुद्धा बोलावल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उगवायचो, हे सांगायला जीभ रेटत नव्हती.

म्हणूनच तिथल्या एका शेतकरी मित्राला मी डीपीचा, म्हणजे पाड्याच्या ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज बांधायला शिकवलं होतं. नियमात बसत नाही, ठाऊक आहे मला. आधी दांडा ओढून खांबावरचा स्विच पाडायचा, मग तार बांधायची. हुशार गडी, एकदा बघून शिकला.

संपाच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही ऑफिसच्या गेटसमोर बसलो होतो, तेव्हा त्याचा फोन आला. त्यांची डीपी गेल्याचं सकाळीच कानावर आलं होतं; म्हणजे बोअर बंद, पाड्याला प्यायला पाणी नाही. फोन उचलला असता तर मी गेलो असतो, आणि गेलो असतो तर फितूर ठरलो असतो. तीनदा वाजू दिला. लाज वाटते सांगायला.

त्याने स्वतःच दांडा ओढला. पण त्या स्विचला तीन पाती असतात आणि जुन्या स्विचचं एखादं चिकटून राहतं. तिन्ही सुटली का, हे मान वर करून बघायचं असतं. मी दर वेळी बघायचो. त्याला मात्र कधी सांगितलंच नाही. इतकं अंगवळणी पडलेलं, की ही सांगायची गोष्ट आहे हेच सुचलं नाही. एक पातं तसंच राहिलं, वर वीज चालूच होती. त्याचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला.

संप मिटला. खाजगीकरण होणार नाही असा शब्द मिळाला, पेढे वाटले गेले. मी पेढा खाल्लासुद्धा.

तो दवाखान्यातून घरी आल्यावर मी पाड्यावर गेलो. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने बायकोला चहा ठेवायला सांगितला.

"वीज सरकारकडंच राहिली ना?" त्याने विचारलं.

"राहिली."

"मग आता बोलावलं की येशील ना, भाऊ?"

पुढच्या महिन्यात मी निवृत्त होणार होतो, आणि माझी जागा भरायची नाही, असं साहेबांनी सांगून ठेवलं होतं.

"येईन," मी म्हणालो.