अण्णांच्या जानव्यातली किल्ली

मंडळी, बेंगळुरूच्या चिकपेटमधलं वकिलांचं एक ऑफिस आज अखेर क्लाउडवर गेलं.

सॉफ्टवेअर मी त्यांना कधीच निवडून दिलं होतं, पण तिथले थोरले वकील, म्हणजे अण्णा, अडून बसले होते. "पक्षकारांचे कागद परक्याच्या घरी का ठेवायचे?" शिवाय लॉगिनचा कोड त्यांच्या फोनवर यायचा आणि कोर्टात त्यांचा फोन बंद.

आज मी त्यांना कोडऐवजी छोटीशी सिक्युरिटी की दिली. "ही लॅपटॉपला लावल्याशिवाय तुमचं खातं उघडणार नाही," म्हटलं.

अण्णांनी शर्टाचं बटण काढलं आणि तिजोरीच्या किल्लीशेजारी ती जानव्याला बांधली. "सरी, ठीक आहे. आता कागद माझ्याकडेच राहिले."

मग लॉगिन करायला त्यांनी लॅपटॉपच छातीशी ओढून घेतला.

पक्षकाराचे कागद इतके जवळ धरणारा वकील तुम्हाला भेटलाय का?